सावलीतलं तापमान

एक फोन, एक किल्ली, एक कांदा.

*

खोलीचं तापमान एकवीस अंश. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनात हिरवे आकडे.

*

हेल्मेटखाली कापड बांधायला मनाई आहे. फलक चार भाषांत होता, त्यांत आमची नव्हती. आमच्यासाठी चित्र होतं : फडकं गुंडाळलेलं डोकं आणि त्यावर लाल फुली.

*

चंद्रपूरच्या माणसाला त्याच्या गावाबद्दल विचारा. तो आधी कोळसा सांगेल, मग वाघ सांगेल, आणि मग आवाज थोडा चढवून ऊन सांगेल.

*

मायक्रोफोनचं लाल कडं पेटलेलं नसेल, तर तुम्ही बोललेलाच नाही.

*

"बोधचिन्हातले हेल्मेट पिवळे असावे की निळे, यावर दोन्ही पक्षांनी विधायक चर्चा केली." इतिवृत्त, पान दोन.

*

मुद्दा १ : स्वागत

"हे कानात घाला," शर्वरीताई म्हणाल्या. "पण यात मराठी येणार नाही. मराठीची केबिन नाही इथे. मी तुमच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत राहीन. तुम्ही बोलाल तेव्हा मी ते इंग्रजीत सांगेन, आणि मग त्या काचेच्या खोल्यांमधले लोक ते आपापल्या भाषेत नेतील."

"म्हणजे माझं बोलणं किती तोंडांतून जाणार?"

"माझं धरून पाच."

"शेवटच्याला शिळंच मिळणार मग."

त्या हसल्या. शर्वरी कानिटकर, मूळच्या पुण्याच्या, ब्रुसेल्समध्ये एकोणीस वर्षं दुभाषाचं काम. खांद्यावर शाल होती. जुलै महिन्यात शाल का, ते मला थोड्याच वेळात कळलं.

खोली मोठी, टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. डाव्या हाताला सगळ्या युरोपातल्या बांधकाम-मालकांच्या संघांचे लोक, उजव्या हाताला कामगार संघटनांचे. वर्षातून तीन-चार वेळा हे समोरासमोर बसतात आणि बोलतात. याला तिथे 'सामाजिक संवाद' म्हणतात. मधोमध अध्यक्षबाई. मी उजवीकडे, पण दुसऱ्या रांगेत. दुसऱ्या रांगेतल्यांना निरीक्षक म्हणतात. त्यांच्यापुढे टेबल नसतं, म्हणून मायक्रोफोनही नसतो. माझी पाच मिनिटं आली की मला पहिल्या रांगेत बसवायचं, असं ठरलं होतं.

मला तिथे आणलं होतं ल्यूकनं. ल्यूक कामगार संघटनेचा माणूस, साठीचा, एके काळी गवंडी. उजव्या हाताचं एक बोट अर्धंच. त्या बोटामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

मी दिवाकर रामटेके, सळ्या बांधणारा. स्लॅब ओतायच्या आधी त्यात लोखंडी सळ्यांची जाळी असते, ती तारेनं बांधायचं माझं काम. आम्ही अठरा जण, सगळे चंद्रपूर जिल्ह्यातले, अँटवर्पच्या बंदराजवळ एका प्रचंड शीतगृहाच्या साइटवर होतो. कागदावर आम्ही तिसऱ्याच देशातल्या एका कंपनीचे नोकर होतो. तो देश आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

अध्यक्षबाईंचं स्वागत चालू असतानाच डावीकडच्या एका गृहस्थांनी हात वर केला.

"काय म्हणतात?"

"खोलीत उकडतंय म्हणतात," शर्वरीताई कुजबुजल्या.

भिंतीवर चोवीस होतं. कुणाला तरी फोन गेला, निळ्या शर्टातला एक माणूस आला, त्यानं चौकोनावर बोट ठेवलं. एकवीस. सगळं मिळून चार मिनिटं. त्या दिवशी तापमानाबद्दल झालेला हा पहिला निर्णय. विरोध कुणीच केला नाही.

मुद्दा २ : मागील इतिवृत्तास मान्यता

हा मी ऐकला नाही. मी आदल्या दिवशीच्या संध्याकाळी होतो, आमच्या खोलीवर, खुशाल निकोडे माझ्यासाठी स्वतःचा शर्ट इस्त्री करत होता तिथे.

"हा घालून जाय. तुह्या शर्टाले सिमेंटचा वास येते."

"तुहा मले ढगळ होते गा."

"मोठ्या लोकांत ढगळच बरा. घाम दिसत नाही."

खुशाल मूल तालुक्यातला, एकतीस वर्षांचा, आमच्यात सगळ्यांत चलाख हाताचा. मी एक गाठ मारीपर्यंत त्याच्या दोन व्हायच्या. जूनच्या शेवटी एका दुपारी तो स्लॅबवरच ओकला आणि त्याच्या पायांत गोळे आले. सुपरवायझरनं त्याला खाली नेलं, ऑफिसच्या कंटेनरमध्ये दहा मिनिटं बसवलं, पाणी पाजलं आणि परत वर पाठवलं. वहीत लिहिलं : तापमान एकोणतीस. साइटचा तापमापक त्या कंटेनरच्या उत्तरेकडच्या भिंतीवर होता. तिथे दिवसभर ऊन येत नसे. कंटेनरच्या आतल्या थंड हवेची एक झुळूकही त्याला दाराच्या फटीतून मिळायची.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक तापमापक आणला आणि आमच्याच तारेनं छातीच्या उंचीवर सळईला बांधला. तीन आठवडे रोज दुपारी अडीचला दोन्ही आकडे लिहिले. खाली एकोणतीस, वर एक्केचाळीस. खाली सत्तावीस, वर अडतीस. ल्यूक साइट पाहायला आला तेव्हा त्याला ती वही दाखवली. त्यानं ती पानन्‌पान उलटून पाहिली, आणि त्यातूनच हे बुधवारचं बोलावणं आलं.

मसुदा दोन्ही बाजूंच्या हातात होता. जिथे माणूस काम करतो तिथे तापमान मोजायचं, आणि ते बत्तीसच्या वर गेलं की काम थांबवायचं. ल्यूकनं फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं होतं की हा कायदा नाही, पण बुधवारी दोघांनी मान्य केलं तर इथल्या मालकांचा संघ गुरुवारीच सगळ्या साइटवर परिपत्रक पाठवणार आहे. तसं त्यांनी कबूल केलंय.

आणि शुक्रवारचा अंदाज एकोणचाळीस होता. सावलीतला.

"मले बाकी काही नको गा," खुशाल शर्टाची कॉलर दाबत म्हणाला. "शुक्रवारची दुपार आण. तेवढीच आण."

"आणतो."

"आणि त्याईले सांगजो, आम्ही कामचुकार नाही म्हणा. चंद्रपूरचे आहो. उन्हाले भेत नाही."

पलंगावरून कुणीतरी म्हणालं, "तू भेत नाही, मंग खिशात कांदा कायले ठेवतं?"

"तो उन्हासाठी नाही. इथल्या जेवणासाठी आहे."

सगळे हसले. कांदा उन्हासाठीच होता. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, म्हणजे लू लागत नाही. डोक्याला ओलं फडकंही गुंडाळतात. फडक्यावर तिथे लाल फुली होती, कांद्यावर नव्हती.

मुद्दा ३ : संयुक्त संकेतस्थळाचे बोधचिन्ह

"आता काय बोलून राहिले?"

"हेल्मेट पिवळं असावं की निळं."

पंधरा मिनिटांनी :

"आता?"

"हेल्मेटच."

"आमचं पांढरं आहे म्हणावं."

"तुमची पाळी नाही अजून."

मालकांच्या एका बाईंचं म्हणणं, निळा रंग विश्वासाचा. कामगारांच्या बाजूचा एक इटालियन म्हणाला, साइटवर निळं हेल्मेट दिसत नाही, पिवळं दुरून दिसतं. मग कुणी म्हणालं, अर्धं पिवळं अर्धं निळं करू, म्हणजे दोन्ही पक्ष दिसतील. मग अर्ध्या-अर्ध्याची रेघ उभी की आडवी. शर्वरीताई एकेक वाक्य माझ्या कानात सोडत होत्या, आवाजात काहीही न येऊ देता. मला वाटलं, या बाईंना याचा पगार दुप्पट द्यायला हवा.

एक तास दहा मिनिटं. घड्याळ बघायची मला साइटवरची सवय. रेघ आडवी ठरली.

उष्णतेला जेवणाआधीची चाळीस मिनिटं उरली.

मुद्दा ४ : उन्हाळ्यातील काम

मला पहिल्या रांगेत बसवलं. शर्वरीताईंनी बटण दाबलं, लाल कडं पेटलं.

मी वही उघडली. तारखा वाचल्या. खालचा आकडा, वरचा आकडा. सळई अडीच वाजता इतकी तापते की हातमोज्यातूनही तार पकडवत नाही, हे सांगितलं. स्लॅबवर सावली कुठेच नसते, कारण सावली देणारा मजला आम्हीच नंतर बांधणार असतो, हे सांगितलं. सात ते साडेचार काम, मध्ये अर्धा तास जेवण, हे सांगितलं. खुशालचं नाव न घेता जूनमधली दुपार सांगितली. त्या खोलीतल्या बऱ्याच जणांनी माना खाली घालून लिहून घेतलं. ल्यूकनं टेबलाखालून अंगठा वर केला. पूर्ण बोट होतं ते.

मग ब्राउनर यांनी बोलायची परवानगी मागितली.

ब्राउनर मालकांच्या बाजूचे प्रवक्ते, ऑस्ट्रियाचे. पांढरी दाढी, मऊ आवाज. बाकी सगळे मी बोलताना शर्वरीताईंकडे बघत होते, हा एकटा माणूस माझ्याकडे बघत होता.

"रामटेके साहेब, तुम्ही इतक्या काळजीनं नोंदी ठेवल्यात, मी आभारी आहे. एक व्यक्तिगत प्रश्न विचारला तर चालेल?"

"विचारा."

"तुमच्या गावी उन्हाळ्यात किती असतं?"

"सत्तेचाळीस. एखाद्या वर्षी अठ्ठेचाळीस."

डावीकडून कुणीतरी शीळ घातली. मी सरळ होऊन बसलो.

"आणि तिथेही तुम्ही हेच काम करत होता?"

"हेच. चौदा वर्षं. वीज केंद्राच्या साइटवर, सिमेंटच्या कारखान्यांत."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळ्यातच जास्त. पावसाच्या आधी स्लॅब पडला पाहिजे ना."

"विलक्षण," ब्राउनर म्हणाले. "मग इथलं ऊन तुम्हाला कसं वाटतं, खरं सांगा?"

खुशालचं वाक्य माझ्या तोंडाशीच होतं. चंद्रपूरचे आहो. उन्हाले भेत नाही. मी म्हणालो :

"इथलं ऊन? आमच्याकडे याला हिवाळा म्हणतात."

शर्वरीताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. चांगलं सांगितलं, माझ्याच चालीवर. आधी इंग्रजी कळणारे हसले. मग जर्मन हसले. मग फ्रेंच. पोलिश त्यानंतर, आणि सगळे थांबल्यावर एकटे इटालियन. हसू काचेच्या खोल्यांमधून एकेक भाषेत बाहेर येत होतं. अध्यक्षबाई हसल्या. ल्यूकही हसला.

मला ते आवडलं. एवढे साहेब माझ्या बोलण्यावर हसले, तेही पाच हप्त्यांत. हे आवडलं होतं, हे लिहायला मला सात वर्षं लागली.

जेवण

कार्यक्रमपत्रिकेत याला क्रमांक नव्हता, पण सगळ्यांत वेळेवर सुरू झालं ते हेच.

ब्राउनर ताट ठेवून माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. फोटो काढणाऱ्या मुलीनं आम्हाला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. खुशालच्या शर्टाच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत आल्या होत्या, त्या मी वर केल्या.

"छान बोललात तुम्ही," ते म्हणाले. "अशी माणसं आमच्या उद्योगाचा कणा आहेत."

शर्वरीताईंनी तेही सांगितलं. मग ते गेल्यावर त्या सॅलडमध्ये काटा फिरवत राहिल्या. त्यांचं काम एक वाजता संपलं होतं, पण त्या थांबल्या होत्या.

"दिवाकरदादा, मला सल्ला द्यायची परवानगी नाही. दुसऱ्याचं बोलणं सांगायचं, स्वतःचं घालायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"मग?"

"तुमच्या बोलण्यातलं काही राहिलं असेल तर ल्यूकना आत्ता सांगा. दोन वाजल्यानंतर उपयोग नाही."

मी वही उघडून पानं चाळली.

"काही नाही राहिलं ताई. वहीतलं एकूण एक वाचलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला. नियम चांगला होता, आणि त्यांनी तो पाळला. एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्याशी इतकं सरळ बोलणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं, आणि मला कळलं नाही.

मुद्दा ४ (पुढे चालू)

दोन वाजता मी पुन्हा दुसऱ्या रांगेत होतो. पडद्यावर मसुदा आला. 'बत्तीस अंश' या शब्दांवरून लाल रेघ मारलेली होती. 'जिथे काम चालते तिथे' यावरूनही. खाली नवीन ओळ होती, हिरव्या अक्षरांत.

शर्वरीताईंनी ती माझ्या कानात वाचली. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काहीतरी आलं.

"उष्ण प्रदेशांतून आलेल्या कामगारांची उष्णतेची सवय लक्षात घेता एकच तापमान-मर्यादा व्यवहार्य नाही. प्रत्येक साइटने आपल्या परिस्थितीनुसार योग्य ती काळजी घ्यावी."

ब्राउनर बोलायला लागले. ते म्हणाले, आम्ही इथे टेबलाशी बसून आकडे ठरवतो, पण आज आपण थेट एका कामगाराचं ऐकलं. सत्तेचाळीस अंशांत चौदा वर्षं काम केलेल्या माणसाचं. बत्तीस हा आकडा त्याच्या अनुभवाचा अपमान ठरेल.

अपमान. माझा.

मी ल्यूकच्या खांद्यावर हात ठेवला. तो मागे वळला.

"हे थांबवा," मी म्हणालो. "मला बोलायचं आहे."

"बोलणाऱ्यांची यादी बंद झाली आहे," तो म्हणाला, शर्वरीताईंमार्फत. "ऐका. सहाव्या मुद्द्यावर आपला प्रशिक्षणाचा प्रकल्प आहे, तीन वर्षांचा. इथे ताणलं तर तो जाईल. आणि काहीच मजकूर नसण्यापेक्षा हा मजकूर बरा."

"कुणासाठी बरा?"

शर्वरीताईंनी विचारलं. ल्यूक पुढे वळला आणि आपलं अर्धं बोट टेबलावर घासत राहिला. त्या बोटाची गोष्ट त्यानं मला साइटवर सांगितली होती. वीस वर्षांपूर्वी यंत्राला झाकण नव्हतं, कारण झाकणाचा मुद्दा पुढच्या बैठकीत घ्यायचा होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाचा विरोध? कुणाचाच नव्हता. टाळ्या वाजायला लागल्या.

मी उभा राहिलो.

माझ्यापुढे मायक्रोफोन नव्हता. मी मराठीत बोललो, मोठ्यानं. एकच वाक्य. साधं, आमच्याकडच्या कुठल्याही मजुराला, बाईला, पोराला ठाऊक असलेलं. इतकं ठाऊक, की ते सांगायची गोष्ट असते हेच मला सकाळी सुचलं नव्हतं. ब्राउनर यांनी ते विचारलं नव्हतं. त्यांनी जेवढं विचारलं, तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं होतं.

शर्वरीताई उठल्या. शाल खुर्चीवर पडली. त्यांनी माझं वाक्य इंग्रजीत सांगितलं, माझ्याइतक्याच मोठ्यानं. काचेच्या खोल्यांतले दुभाषे आपापल्या कानांकडे बोटं दाखवू लागले : मायक्रोफोन नाही, आवाज येत नाही. पण खोलीतल्या निम्म्या लोकांना इंग्रजी येत होतं. त्यांनी ऐकलं. टाळ्या थांबल्या. त्यांना काय ऐकू आलंय हे त्यांच्या चेहऱ्यांवर मी पाहिलं, त्यामुळे त्यांना कळलं नाही असं कुणी मला सांगू नये.

ब्राउनर यांनी चष्मा काढला.

"हे फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. त्यांचं लाल कडं पेटलेलं होतं. "नोव्हेंबरच्या बैठकीत हे आपण नक्की घेऊ या."

अध्यक्षबाई म्हणाल्या, मजकूर मान्य झालेला आहे, निरीक्षकांनी कृपया बसावं.

"शुक्रवारचं काय?" मी विचारलं.

शर्वरीताईंनी तेही विचारलं. मग पाचवा मुद्दा सुरू झाला.

मुद्दा ६ : प्रशिक्षण प्रकल्प

मंजूर.

मुद्दा ९ : इतर विषय

"काय आणलं गा?" खुशालनं दारातच विचारलं.

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबर कायले? नोव्हेंबरात मी स्वतःच ऊन शोधतो."

मी शर्ट काढून त्याला दिला. तो घडी घालत होता. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उन्हाचं सांगतलं का त्याईले? आपल्या?"

"सांगतलं."

"मंग?"

"हसले."

"मंग झालं ना," तो म्हणाला. "हसले म्हणजे मानलं."

मी त्याला बाकीचं सांगितलं नाही. सांगणार होतो, गुरुवारी.

गुरुवारी परिपत्रक आलं. कबूल केल्याप्रमाणे, अगदी वेळेवर. शुक्रवारी सकाळी मी सुपरवायझरकडे गेलो आणि म्हणालो, बारा ते चार काम बंद ठेवा. त्यानं मला खिडकीत चिकटवलेला कागद दाखवला आणि हिरवी ओळ बोटानं वाचून दाखवली. आता ती काळी छापलेली होती. "हे तुमच्याबद्दलच आहे," तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं किती. आम्ही आपणहून थांबलो असतो, तर कागदावरच्या त्या तिसऱ्या देशातून आमचं परतीचं तिकीट निघालं असतं. आदल्या वर्षी दोघांचं निघालं होतं.

अडीच वाजता खाली छत्तीस, वर सत्तेचाळीस. मी लिहून ठेवलं.

खुशाल माझ्यापासून चार हातांवर होता. त्याचे हात मंद झाले होते. मी एक गाठ मारली, त्याची अजून चालूच होती. हे मी पाहिलं. मला वाटलं, आज जरा बरोबरीनं चाललाय.

मग तो म्हणाला, "दिवाकर, सळ्या थंड लागून राहिल्या गा."

त्यानं हातमोजे काढले होते. उघड्या हातांनी त्यानं सळई धरली होती आणि सोडत नव्हता. आम्ही तिघांनी मिळून त्याची बोटं सोडवली. त्याचं अंग कोरडं होतं, घाम नव्हता. मी त्याचं हेल्मेट काढलं, माझा बनियन बाटलीतल्या पाण्यात भिजवून त्याच्या डोक्याला गुंडाळला. सुपरवायझर खालून ओरडला की हेल्मेट घाला.

रुग्णवाहिका लवकर आली. ते लोक चांगले होते. खुशाल रस्त्यातच गेला.

दवाखान्यातून सामानाची यादी आली. तीन वस्तू. तिसऱ्या वस्तूपुढे कुणीतरी प्रश्नचिन्ह काढून नंतर खोडलं होतं.

मृत्यूच्या कागदावर कारण होतं : हृदयक्रिया बंद पडणे. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं, राजाचंही. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की पिण्याचं पाणी उपलब्ध होतं आणि अधिकृत तापमापकावर छत्तीस अंश होते. माझी वही त्यांनी ठेवून घेतली, परत दिली नाही. चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं की खुशालला उन्हाची सवय नव्हती का. मी म्हणालो, होती. याही वेळी तेवढंच विचारलं गेलं. याही वेळी मी पुढचं वाक्य न विचारता सांगितलं. ते लिहून घ्यायला त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

नोव्हेंबरच्या बैठकीला मला बोलावणं नव्हतं. शर्वरीताईंनी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या दिवशी विषय जास्त होते. संकेतस्थळ सुरू झालं होतं.

मी आता बल्लारपूरला असतो. गेल्या महिन्यात शर्वरीताईंनी एक पुस्तिका पाठवली. सोबत दोन ओळी होत्या : "पाठवावी की नाही, सहा वर्षं ठरत नव्हतं. तुमची आहे, म्हणून पाठवते." गुळगुळीत कागद, वर अर्ध्या पिवळ्या अर्ध्या निळ्या हेल्मेटचं चिन्ह, रेघ आडवी. पान चारवर ब्राउनर माझा हात धरून उभे आहेत. मी हसतोय. शर्ट खुशालचा आहे. खाली लिहिलंय : 'कामगारांचा आवाज धोरणापर्यंत.'

शेवटी इतिवृत्त जोडलेलं आहे. चौथ्या मुद्द्याखाली दोन वाक्यं आहेत. "एका कामगाराने आपला अनुभव सांगितला. चर्चा खेळीमेळीत झाली." दोन वाजल्यानंतरचं काही नाही. मी उभा राहिलो ते नाही, ताई उभ्या राहिल्या ते नाही, ते वाक्यही नाही.

चंद्रपूरला मे महिन्यात आम्ही पहाटे पाचला कामाला लागायचो आणि अकरा वाजता काम बंद करायचो.